पाणी तोडण्याचे दिवस

मिरचीचं रोप घ्यायला आलेला माणूस आधी उंची बघतो, मग हिरवेपणा. वीतभर उंच, गर्द हिरवं, लुसलुशीत पानांचं रोप दिसलं की त्याचा हात खिशाकडे जातो. मे महिन्याच्या अखेरीला कंधार तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत मी उभा होतो, तिथेही अशा रोपांचे ट्रे होते. पण ते आत, जाळीखाली होते आणि विकायचे नव्हते. विकायचे ट्रे बाहेर उघड्या उन्हात मांडलेले होते. त्यातली रोपं बोटभर ठेंगणी, पानं जरा जाड आणि फिकी, देठाच्या सांध्यांवर जांभळट छटा. आलेल्या गिऱ्हाइकाने बाहेरचे ट्रे बघून तोंड वाकडं केलं. "ही तर वाळायलीत की ताई. आतली द्या."

"आतली पुढच्या आठवड्याला, दादा. आज नेली तर बांधावर पोचेपर्यंत माना टाकतील."

तो थोडा वेळ घुटमळला आणि दुसरीकडे चौकशी करतो म्हणून मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

संपादकांनी या अंकासाठी 'उंबरठा' हा विषय दिला, तेव्हा शेतीतला उंबरठा कुठे सापडेल याचा शोध घेत मी इथवर आलो होतो. शेतीवर लिहिताना आपण पेरणीवर लिहितो, पावसावर लिहितो, भावावर लिहितो. रोप सावलीतून शेतात जातं त्याआधीच्या सात-आठ दिवसांवर कुणी लिहीत नाही. त्या दिवसांत बघण्यासारखं फारसं काही घडत नाही, हे त्याचं एक कारण असेल. खत बंद, सावली कमी, पाणीसुद्धा हात राखून. पण एकरभर मिरची उभी राहणार की नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरता भरता हंगाम निघून जाणार, हे पुष्कळसं याच दिवसांत ठरतं.

जाळीच्या आत

कंधार म्हटलं की बाहेरच्या माणसाला भुईकोट किल्ला आठवतो, राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव आठवतो, जनावरांची जाण असलेल्याला लाल कंधारी गाय-बैल आठवतात. मन्याडच्या खोऱ्यातली इथली बरीचशी जमीन काळी आणि भारी. सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी ही रोजची पिकं. बारूळच्या धरणाचं किंवा विहीर-बोअरचं पाणी ज्याच्याकडे आहे, तो एखाद्या एकरात मिरची, टोमॅटो, वांगी, टरबूज घेतो. घरात खेळता पैसा येतो तो या एकरातून.

पूर्वी या एकराचं रोप घरीच तयार व्हायचं. विहिरीच्या कडेला 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करायचा, ओळींत बी टाकून वर बारीक शेणखत पसरायचं आणि पऱ्हाट्या-तुराट्यांचा मांडव घालायचा. घरातली कर्ती बाई सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालायची. भारी जमिनीत हे काम नाजूक असतं. वरचा थर सुकला की त्याचा कडक पापुद्रा होतो आणि कोवळा कोंब त्याखाली अडकून बसतो. पापुद्रा होऊ नये म्हणून पाणी जास्त घातलं की रोपमर लागते: जमिनीलगतचा देठ पाणचट होऊन सुतासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. सकाळी बघावं तर वाफ्यात पत्रावळीएवढा टक्कलाचा गोल, संध्याकाळी तो परातीएवढा. त्यातून जी वाचतील ती उपटताना निम्मी मुळं वाफ्यातच तुटून राहायची.

हवामानही पूर्वीसारखं सांभाळून घेणारं राहिलेलं नाही. याच पट्ट्यात 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने हसनाळसारखी गावं पाण्याखाली गेली. अशा टोकांच्या मध्ये उघड्यावरचा वाफा चाळीस दिवस सांभाळणं कुणालाच परवडत नाही. संकरित मिरचीचं बी ग्रॅमवर महाग मिळतं. 10 ग्रॅमच्या पुडीत साधारण दीड हजार बिया. त्यातलं एकेक बी वाया गेलेलं दिसतं आणि लागतं. म्हणून गेल्या काही वर्षांत हे जोखमीचे चाळीस दिवस शेतकऱ्याने दुसऱ्याच्या जाळीखाली नेऊन ठेवले आहेत.

त्या जाळीच्या आत मातीचा कण नसतो. नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, दक्षिणेतून दाबलेल्या विटांच्या रूपात येतं. 5 किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून सत्तरेक लिटर होते. आधी ते दोन-तीनदा धुऊन काढावं लागतं, कारण नारळाच्या सोडणात खार असतो आणि मिरचीच्या मुळाला तो सोसत नाही. मग 98 किंवा 104 कप्प्यांचे काळे ट्रे भरायचे. भरलेल्या ट्रेवर खुंट्यांची पाटी दाबली की प्रत्येक कप्प्यात अर्ध्या सेंटिमीटरची खळी पडते आणि त्या खळीत एक बी.

हे एक-एक बी टाकणं मी बराच वेळ बघत बसलो. गावातल्या चार-पाच बाया समोरासमोर मांडी घालून बसलेल्या. बियांना औषधाचा गुलाबी रंग लावलेला, त्यामुळे काळ्या ट्रेवर त्या उठून दिसतात. डाव्या तळव्यात चिमूटभर बी आणि उजव्या हाताची तर्जनी किंचित ओली. ओल्या बोटाला एकच बी चिकटतं, ते खळीशी टेकवलं की सुटतं. बोलणं चालू असतं, कुणाच्या तरी लग्नाचं, रोजंदारीचं, पण बोट कप्पा चुकत नाही. दोन बिया पडल्या तर दोन्ही रोपं एकमेकांशी झगडून कमजोर निघतात आणि रिकामा कप्पा शेवटी गिऱ्हाइकाच्या हिशेबात निघतो.

भरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकने गुंडाळतात. आत ऊब धरते आणि ओल टिकते. पाचव्या-सहाव्या दिवशी प्लास्टिकची कड उचलून वाकून बघायचं: पांढरा वाकडा कोंब वर आला की त्याच दिवशी ट्रे सोडवून जाळीखाली मांडायचे. इथे एक दिवस चुकला तर अंधारात कोंब उजेड शोधत लांबतो आणि असं लांबडं झालेलं रोप पुढे कितीही सांभाळलं तरी मानेत कमजोर राहतं. जाळीखाली निम्मी सावली, बाजूंना पांढरी माशी अडवणारी 40 मेशची जाळी आणि आत यायला एकामागे एक दोन दारं. टोमॅटो तीन-साडेतीन आठवड्यांत तयार होतो, वांग्याला महिना लागतो, टरबूज पंधरवड्यातच निघतं. मिरची सगळ्यांत सावकाश, 35 ते 40 दिवस घेणारी.

दारातला साबण

दोन दारांच्या मध्ये पाण्याची बादली आणि साबणाची वडी होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाला हात धुवावे लागत होते, मलाही. "मावशी, हात धुतले का?" हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो आणि त्याचा रोख मुख्यतः तंबाखूवर असतो. कामावर येणाऱ्या बायांपैकी कुणी मिश्री लावणारी, गड्यांपैकी बहुतेक चुना-तंबाखू मळणारे. मळलेल्या तंबाखूचे हात तसेच कोवळ्या रोपांना लागले तर त्यातून रोग जाऊ शकतो.

मिरची, टोमॅटो, वांगी आणि तंबाखू ही एकाच कुळातली पिकं. तंबाखूच्या पानांवर हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी उमटवणारा एक विषाणू आहे. पान वाळवलं, साठवलं, कुटलं तरी तो वर्षानुवर्षं टिकू शकतो आणि नुसत्या स्पर्शाने, पानावरच्या बारीकशा ओरखड्यातून मिरची-टोमॅटोत शिरू शकतो. विषाणू नावाची चीज माणसाला कळली तीच या रोगाच्या पाठलागात. 1892 मध्ये रशियाच्या दिमित्री इव्हानोव्हस्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि तरीही तो रोग लावतोच असं त्याला दिसलं. 1898 मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने हा जंतूंपेक्षा वेगळाच प्रकार आहे असं मांडलं. 1935 मध्ये अमेरिकेच्या वेंडेल स्टॅन्लीने त्याचे स्फटिक वेगळे काढले आणि 1946 चं नोबेल त्याला विभागून मिळालं. या रोगाला दाद न देणारे संकरित वाण आता मिळतात, पण सगळेच तसे नसतात. म्हणून दारात साबण. काही ठिकाणी हात दुधात बुडवूनही आत जातात. दुधातल्या प्रथिनांनी हा विषाणू लुळा पडतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

कंधारच्या शेतांत तंबाखू दिसत नाही. मराठी मुलखात तंबाखूचं रोप बघायचं तर निपाणीकडे जावं लागतं, 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला होता त्या निपाणीकडे. तिथे रोपांना तरवा म्हणतात. तंबाखूचं बी म्हणजे निव्वळ धूळ; एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया भरतात. ते बोटाने टाकणं शक्यच नाही. बारीक वाळूत किंवा राखेत मिसळून ते वाफ्यावर भुरभुरतात आणि मातीआड करत नाहीत, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. वाफ्यावर आधी काडीकचरा जाळून जमीन भाजून घेण्याची जुनी रीत आहे. त्याने तणाचं बी आणि बुरशी, दोन्हींचा बंदोबस्त होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी टाकलेला तरवा सहा-सात आठवड्यांनी लावणीला येतो.

अमेरिकेच्या केंटकी, उत्तर कॅरोलिना भागात हेच रोप उघड्यावर वाढवता येत नाही, कारण तिथे वसंतातही कधी हिमकण पडतील याचा नेम नसतो. तिथले शेतकरी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या घरात उथळ हौद करतात आणि थर्माकोलचे ट्रे त्या पाण्यावर तरंगत ठेवतात. रोपं उंच व्हायला लागली की गवत कापायच्या यंत्राने त्यांचे शेंडे पुन्हा पुन्हा छाटतात, म्हणजे देठ जाड होतो आणि सगळी एका मापाची निघतात. तिकडे रोप घरात ठेवतात ते थंडीपासून वाचवायला. आपल्याकडे 42 अंशांच्या उन्हापासून, सरीच्या माऱ्यापासून आणि माशीपासून. पण बाहेर काढायची वेळ आली की दोन्हीकडे एकच काम करावं लागतं. आतापर्यंत जे लाड पुरवले ते एकेक करून काढून घ्यायचे.

ताण

ताण देणं ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. मोसंबीचा बहार धरणारा शेतकरी झाडाचं पाणी तोडतो आणि पानं पिवळी पडेपर्यंत ते सुरू करत नाही. रोपाच्या बाबतीत हीच समज अगदी छोट्या मापात वापरायची असते आणि चूक सुधारायला वेळही तितकाच थोडा असतो.

तिसाव्या दिवसाच्या आसपास नत्राचं खत बंद होतं. ट्रे जाळीच्या कडेला, मग सकाळच्या उन्हात, मग दिवसभर उघड्यावर. पाणी दोनदाचं एकदा. दुपारी पानं किंचित लवली तरी लगेच झारी उचलायची नाही; संध्याकाळी ती आपणहून सावरली तर ठीक, नाही सावरली तर पाणी. रोपवाटिकेतल्या ताई हे ट्रे उचलून ठरवतात. ट्रे हाताला किती जड लागतो त्यावरून आत किती ओल आहे ते कळतं. मी दोन ट्रे उचलून बघितले, मला फरक कळला नाही. त्यांना न थांबता चालता चालता कळत होता.

या आठवड्यात आत काय चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. सावलीत, दमट हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि पानावरची बारीक रंध्रं उघडी राहायला सोकावलेली असतात. असं रोप थेट मेच्या वाऱ्यात ठेवलं तर पानातून जितकं पाणी उडतं, तितकं मूळ ओढू शकत नाही. देठ हिरवा असताना रोप जागच्या जागी सुकतं. तेच पाणी हळूहळू तोडलं की नवी पानं लहान आणि जाड येतात, मेणाचा थर वाढतो, रंध्रं वेळेवर मिटायला लागतात. शेंड्याची धाव मंदावते, पण पान साखर बनवत राहतं. ती देठात आणि मुळात साठते, आणि शेतात पहिले चार-पाच दिवस नवं मूळ फुटेपर्यंत रोप त्या साठ्यावर तगतं. बाहेरून मात्र ते फक्त खुरटल्यासारखं दिसतं.

नांदेड जिल्ह्यात याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण बघायचं तर अर्धापूर-मुदखेडच्या केळीपट्ट्यात बघावं. जी-9 केळीचं ऊतिसंवर्धित रोप काचेच्या बाटलीत, पूर्ण दमट हवेत, साखरेच्या खुराकावर वाढलेलं असतं. बाटलीतून काढून शेतात लावलं तर ते एक दुपारही काढणार नाही. म्हणून आधी धुकं सोडणाऱ्या हरितगृहात, मग पिशवीत, जाळीखाली, अशा पायऱ्यांनी त्याला बाहेरच्या हवेची सवय लावतात. केळीत हे काम न करता रोप विकायची कुणाची छातीच होत नाही, कारण परिणाम दोन दिवसांत दिसतो. मिरचीत परिणाम झाकला जातो. कच्चं रोपही पाण्याच्या जोरावर जगतं, पण पंधरा-वीस दिवस जागेवर बसून राहतं आणि मग फूलकिडा, चुरडा-मुरडा यांच्या पहिल्याच तडाख्यात सापडतं. शेतकरी दोष देतो तो बियाण्याला किंवा औषधाला.

ताण जास्त झाला तरी वाटोळं होतं. देठ लाकडासारखा कडक होतो, शेंडा मिटून बसतो आणि असं रोप नंतर कितीही खाऊ घातलं तरी फुटत नाही. ठेंगणं रोप म्हणजे चांगलं रोप, असंही म्हणता येत नाही ते यामुळे.

आठवड्याचं भाडं कोण देणार

इथे खरी अडचण सुरू होते. मिरचीचं रोप रुपया-दीड रुपयाला जातं. बी शेतकऱ्याने आणून दिलं तर नुसती करणावळ. चाळीस दिवसांतला शेवटचा आठवडा रोप वाढत नाही, पण ट्रे अडतो, जागा अडते, राखण लागते. आणि एवढं करून गिऱ्हाईक म्हणतं, शेजारची रोपं याहून उंच आहेत. हिरवा रंग टिकवायला शेवटच्या दिवसांत युरियाचं पाणी मारून माल उठवणं सोपं पडतं. तसं करणारे आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दीही आहे.

दुसरी तऱ्हा पाऊस लांबला की बघायला मिळते. शेत तयार नाही म्हणून शेतकरी रोपं उचलत नाही. ट्रेमध्ये मुळं तळाशी गोल गोल फिरत राहतात. उंची रोखायला मग क्लोरमेक्वॅटसारख्या वाढरोधकाची फवारणी होते. पन्नास दिवसांचं रोप पस्तीस दिवसांचं दिसतं आणि विकलं जातं. त्याच्या काखेत कळी दिसली तर समजावं की हे रोप ट्रेमध्येच म्हातारं झालं.

बियाण्याच्या पुडीवर 1966 च्या बियाणे कायद्यामुळे लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख छापलेली असते. मिरचीच्या बियाण्याला किमान 60 टक्के उगवण बंधनकारक आहे. तेच बी उगवून ट्रेमध्ये आलं की त्याच्यासोबत काहीच लिहिलेलं येत नाही. वाण कोणता, पेरलं कधी, बाहेर काढलं कधी, हे सगळं तोंडी. नुकसान झालं तर दाखवायला कागद नाही. माझ्या मते या धंद्यातली सर्वांत मोठी उणीव ही आहे आणि ती भरून काढायला फार पैसा लागणार नाही. ट्रेला चिकटवलेल्या एका चिठ्ठीवर वाण, लॉट आणि दोन तारखा लिहिल्या तरी पुष्कळ साधेल.

राज्य शासनाने 2020-21 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आणली. 1000 चौरस मीटरचं शेडनेट, प्लास्टिक टनेल, फवारणी पंप आणि क्रेट असा 4 लाख 60 हजारांचा आराखडा, त्यावर निम्मं अनुदान आणि कृषी पदवीधर महिलांना पहिलं प्राधान्य, त्यानंतर महिला गट आणि महिला शेतकरी. हा क्रम मला योग्य वाटतो, कारण रोप सांभाळण्याचं ज्ञान विहिरीकाठच्या वाफ्यापासून बायांच्याच हातात होतं. आता त्या ज्ञानाला भाव मिळायला हवा, नुसती रोजंदारी नको.

उन्हं कलल्यावर

लावण बघायला मी एका शेतकऱ्याच्या छोट्या हत्तीमागोमाग गेलो. ट्रे क्रेटमध्ये, वरून हिरवी जाळी घट्ट बांधलेली. चालत्या गाडीचा वारा उन्हाइतकाच घातक असतो. 4 फुटांची सरी आणि सव्वा फुटाचं अंतर धरलं तर एकराला 8,700 च्या आसपास रोपं लागतात, म्हणजे नव्वदेक ट्रे. या शेतकऱ्याने पाच ट्रे जास्त घेतले होते, नांगे भरायला. ते पाच ट्रे बांधावरच्या लिंबाखाली ठेवून त्याने रोज पाणी घालायचं काम म्हाताऱ्या आईकडे दिलं.

वाफे आदल्या दिवशी ठिबकने भिजवलेले. उन्हं कलल्यावर, साडेचारनंतर बाया उतरल्या. ट्रेच्या तळाला बोटाने टेकू दिला की रोप कोकोपीटच्या गोळ्यासकट अलगद वर येतं. देठ धरून ओढायचं नाही, हे प्रत्येकीला दोनदा बजावलं गेलं. गोळ्याभोवती पांढऱ्या मुळांचं जाळं दाट होतं, तपकिरी मूळ एकही नाही. ट्रायकोडर्माच्या पाण्यात गोळा बुडवून, मल्चिंगच्या छिद्रात बरोबर मधोमध रोप ठेवून भोवती माती लोटायची. मधोमध यासाठी की दुपारी छिद्रातून प्लास्टिकखालची तापलेली वाफ बाहेर पडते आणि कडेला टेकलेल्या रोपाची मान त्या वाफेने भाजते. काही ठिकाणी मातीनेच छिद्र बुजवून घेतात, ते उत्तम.

अंधार पडेपर्यंत निम्मं रान झालं. त्या शेतकऱ्याने बाहेरचे, ठेंगणे ट्रेच आणले होते. मागच्या वर्षी आतले हिरवेगार आणले होते आणि दहा ट्रेचे नांगे भरूनही ओळी विरळच राहिल्या, असं तो म्हणाला. आठव्या दिवशी फोन करून मी नांगे किती पडले ते विचारलं. एक ट्रे लागला होता. उरलेले चार त्याने शेजाऱ्याला दिले. शेजाऱ्याची रोपं उंच होती, त्याला अजून भरायचे होते.

हा अंक हाती येईल तेव्हा जाळीखाली रब्बीचा टोमॅटो असेल आणि जानेवारीच्या टरबुजाचं बुकिंग सुरू होत असेल. रोप घ्यायला जाणाऱ्याने बुकिंग करतानाच पेरणीची तारीख लिहून घ्यावी आणि ट्रे बाहेर किती दिवस ठेवणार ते विचारावं. त्या दिवसांचे रोपामागे दहा-वीस पैसे जास्त मागितले तर द्यावेत. उचलायच्या दिवशी कोपऱ्यातलं एक रोप गोळ्यासकट काढून मुळं बघावीत. आणि वाट बघावी लागली तरी आतले ट्रे मागू नयेत.